चतुःसीमा

लिहून देणार : भूपाल आदगोंडा मगदूम,
वय चोपन्न, धंदा—
इथं जरा थांबतो.
धंदा : पूर्वी दस्तलेखक.
कोर्टाबाहेर, पत्र्याच्या टेबलावर,
एकोणतीस वर्षं.

माझं एक वाक्य तीन पानं चालायचं.
सबब, येणेप्रमाणे, सदरहू मिळकत,
जल तरू तृण काष्ठ पाषाण
निधी निक्षेपासह.
पूर्णविराम एकदम शेवटी, सहीच्या वर,
शिवेवरच्या म्हसोबासारखा एकटा.
लोक अंगठा उठवायचे.
अर्थ कुणी विचारायचं नाही.
मीही सांगायचो नाही.

मग शिरोली नाक्यावर उसाची ट्रॉली.
ट्रॉली आठवत नाही.
उसाचा वास आठवतो,
पण तो लोकांनी सांगितलेला असेल.

सीपीआरमधून घरी आलो तेव्हा
किल्ली म्हणायला जावं तर कुलूप यायचं.
कुलूप म्हणायला जावं तर सोमवार.
आणि कागदाची डावी बाजू गेली होती.
फाटली नव्हती. होतीच की तिथं.
मलाच दिसत नव्हती.
ताटातलंही तसंच :
मीठ, लिंबू, शेंगदाण्याची चटणी
राहायची जागच्या जागी.
राजमती काही न बोलता ताट फिरवायची.
जन्मभर कुणाच्या वाटणीत डावं-उजवं केलं नाही,
आणि आता हे.

माझ्याच पेटीतली तांबडी पेन्सिल काढून
तिनं प्रत्येक कागदाला डावीकडं रेघ मारली.
"रेघ दिसेपर्यंत मागं या. मग लिहा."
थेरपीच्या मुल्ला मॅडम म्हणाल्या,
एका वाक्यात एकच गोष्ट.
मग टिंब.
मग श्वास.
मला हसू आलं. एवढ्याला दस्त म्हणतात होय?

एकदा कुकरची शिट्टी डोक्यात घुसली
आणि मी तांब्या भिरकावला.
बोलता येईना, म्हणून लिहून दिलं :
मला माप कर.
तिनं वाचलं. वरपासून खालपर्यंत मला बघितलं.
म्हणाली, "झालं मापून. जेवा आता."
ती चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे.
दुरुस्त करू देत नाही.

वडणग्याचा सर्जेराव दूध घालतो.
कुंभोजला जायचं होतं, म्हणून त्याला लिहिलं :
सर्जेराव उद्या आम्ही नसल्याकारणाने दूध
परवाचे जे नेहमीचे ते उद्या नको तर
— वाचून तो दारातच बसला.
"मालक, घालू का नको?"

चार कागद गेले. एक दुपार गेली.
डोकं दुखायला लागलं, झोपलो, उठलो,
मागं आलो, रेघेपर्यंत.

सर्जेराव.
उद्या दूध नको.
परवा एक लिटर.

तीन ओळी. तीन टिंबं.
परवा दारात एक लिटर होतं.
चिठ्ठीखाली त्यानं लिहिलेलं : बरं.
एकोणतीस वर्षांत माझ्या लिखाणाला
कुणी 'बरं' म्हटलं नव्हतं.
नोंदणी व्हायची. शिक्के बसायचे.
बरं कुणी म्हणालं नव्हतं.

तर आता माझ्या डोक्याचा दस्त करतो आहे.
क्षेत्र : पूर्वीपेक्षा कमी, मोजणी बाकी.
पूर्वेस : राजमती, उजेड, चहा.
दक्षिणेस : कुकर. तिकडं जात नाही.
पश्चिमेस : चारनंतरचा थकवा.
त्या वेळी लिहिलेलं काही खरं धरू नये.
उत्तरेस : उत्तर.
येतं. उशिरा येतं. विचारणाऱ्यानं थांबावं.

यात बोजा आहे. लपवलेला नाही.

डावीकडं काही राहिलं असेल
तर राजमतीला विचारा.